निरोपाची पोस्ट

भंडाऱ्यात खामतलावाजवळच्या घरी, आईच्या खाटेशेजारी बसून, मी जवळजवळ अकरा महिने ट्युनिशियात राहिले. वाचणाऱ्याला हे गमतीचं वाटेल, पण त्या दिवसांत मला कशाची गंमत वाटल्याचं आठवत नाही. रोज सकाळी उठलं की पहिल्यांदा आदल्या दिवशी काय खोटं लिहिलं ते आठवायचं आणि मग आईच्या औषधाची वेळ व्हायची.

तिथे आम्ही खरोखरच चार वर्षं राहिलो होतो. नवरा खतकारखान्यात इंजिनिअर. गाव समुद्राकाठचं, सफाक्स नावाचं. मला फ्रेंच येत नव्हतं, अरबी त्याहून नाही, आणि घरात दिवसभर एकटी. म्हणून मराठीत ब्लॉग लिहायला लागले. तुरीची डाळ कुठे मिळत नाही, बेसन मात्र चण्याचं पीठ म्हणून कुठल्या दुकानात मिळतं, राहण्याच्या परवान्यासाठी किती फोटो आणि कुठली महसुली तिकिटं लावावी लागतात, असलं सगळं. वाचणारे मूठभर होते, पण ते मनापासून वाचायचे.

त्या गावात माझ्यासारखे परदेशातून येऊन ब्लॉग लिहिणारे सात-आठ जण होते. दर बुधवारी दुपारी एका चहाच्या दुकानात आम्ही जमायचो. चहा पुदिन्याचा आणि इतका गोड की आमच्या बाबांनीही नको म्हटलं असतं. त्यातल्या दोघी माझ्या जवळच्या झाल्या. एक पोलंडची मास्तरीण, तिथल्याच माणसाशी लग्न करून वीस वर्षं राहिलेली. दुसरी फिलिपिन्सची नर्स, जी ब्लॉगवर फक्त जेवणाचे फोटो टाकायची आणि आमच्यात सगळ्यांत जास्त वाचली जायची. मास्तरणीला याचा राग होता, मलाही थोडा होता.

या मंडळींचे काही नियम होते. पहिला नियम असा की रस्ता, दुकान, डॉक्टर, कचेरी याबद्दल जे लिहायचं ते स्वतः जाऊन पाहून लिहायचं. कारण आपल्या एका ओळीवर कोणीतरी तिकडून निघतं. दुसरा नियम साठ्याचा. आजारपण, पाहुणे, गावी जाणं यासाठी प्रत्येकानं वीस-पंचवीस पोस्ट आधी लिहून ठेवायच्या आणि तारखा लावून द्यायच्या, त्या आपोआप निघत राहतात. आमच्याकडे धान ठेवायची ढोली असते, मी त्या साठ्याला मनातल्या मनात ढोलीच म्हणायचे. तिसरा नियम असा की देश सोडून जाणाऱ्यानं निरोपाची पोस्ट लिहायची आणि आपले वाचक मागे राहणाऱ्या कोणाच्या तरी हाती सोपवायचे. न सांगता निघून जाणं त्यांच्यात फार वाईट समजलं जायचं.

मग आईला लकवा झाल्याचा फोन आला. बाबा जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून निवृत्त होऊन, घर बांधून, दोन वर्षांत वारले होते. आई एकटीच. भाऊ नाही, बहीण नाही. दोन महिन्यांनी परत येते असं बुधवारच्या मंडळींना सांगून मी निघाले. येताना ढोली अगदी काठोकाठ भरून आले.

दोन महिन्यांचे चार झाले. तेवढ्यात नवऱ्याचा करार संपला, त्यानं तिथलं घर आवरलं आणि तो गुजरातेत एका साइटवर लागला. सफाक्सला आमचं काही म्हणता काही उरलं नाही. आता निरोपाची पोस्ट लिहायला हवी होती. मी तीन वेळा लिहायला बसले. पण ती लिहिणं म्हणजे आई आता उठणार नाही आणि मी आता कुठेच जाणार नाही, असं स्वतःच्या हातानं लिहून देणं होतं. माझ्यात तेवढी हिंमत नव्हती, हे सरळच सांगते. ढोलीतल्या पोस्ट निघत राहिल्या. त्या संपत आल्या तेव्हा मी इथे बसून नव्या लिहिल्या. आईची चादर बदलून यायचं आणि लिहायचं, ‘आज सकाळीच मासळीबाजारात जाऊन आले.’ मास्तरीण अधूनमधून विचारायची, कधी येतेस, बुधवारच्या मंडळींच्या यादीत नाव ठेवू का काढू? मी म्हणायचे, पुढच्या महिन्यात. तिला मराठी वाचता येत नव्हतं, तेवढाच आधार.

भीती मात्र सतत. फोटोत खिडकीबाहेरचं कडुनिंबाचं झाड येईल का, एखाद्या व्हिडिओत मागून एसटीचा हॉर्न ऐकू येईल का. आमच्या इथले नातेवाईक ब्लॉग वाचत नाहीत याचं मला आधी वाईट वाटायचं, आता तेच बरं वाटू लागलं.

अशात पवनीच्या एका मुलीचं पत्र आलं. पवनी म्हणजे आमच्याच जिल्ह्यातली. गोंदिया वेगळा झाल्यापासून जिल्हा असा आखडला आहे की त्यात कोणी परकं वाटतच नाही. तिनं लिहिलं होतं, वडील हातमागावर कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणतात, नुकतंच लग्न झालंय, नवरा ट्युनिशियात आतल्या भागातल्या खाणीवर लागलाय, मला जायचंय. तिनं माझी एकेक पोस्ट वाचली होती. मला इतका आनंद झाला की मी तिला माझं माहेर खामतलावाजवळ कुठे, घराचा रंग कोणता, आईचं काय दुखणं, हे सगळं लिहून टाकलं. फक्त मी त्याच घरात आहे एवढंच लिहिलं नाही. ती फोनवर बोलूया म्हणायची. माझा नंबर इथला, तो दिसला असता. मी सांगायचे, इथे आवाज नीट येत नाही, पत्रच बरं.

मग तिनं लिहिलं की ती मंगळवारी येते आहे. नवऱ्याला सुट्टी शुक्रवारी मिळणार. तोवर तीन दिवस, ताई, मी तुमच्याच घरी उतरते, चालेल ना?

मी उत्तर दिलं, ‘ये. काळजी करू नकोस.’

ते चार शब्द मी अजून फोनमधून पुसलेले नाहीत. माझा बेत असा होता की मास्तरणीला सांगायचं, तिच्याकडे मुलीची सोय करायची आणि मुलीला खरं काय ते लिहायचं. त्याच संध्याकाळी मी ते पत्र लिहिलंसुद्धा. मी भंडाऱ्यात आहे, इतके महिने झाले, मला माफ कर, हा मास्तरणीचा पत्ता. शेवटचा परिच्छेद जरा रडका वाटला म्हणून उद्या पुन्हा वाचून पाठवू म्हटलं आणि जपून ठेवलं. ही आम्हा लिहिणाऱ्यांची खोड. काहीही लगेच पाठवायचं नाही, एक रात्र मुरू द्यायचं. दुसऱ्या दिवशी आईला ताप भरला. सरकारी दवाखान्यात चार दिवस. फोनला हात लागला तो फक्त नवऱ्याला कळवण्यापुरता. खरं पत्र ढोलीत पडून राहिलं. आणि सोमवारी सकाळी, आधी तारीख लावून ठेवलेली पोस्ट आपोआप निघाली. ‘आज बाजारात ताजे सार्डिन मासे आले. घरमालकीणबाई खालून हाका मारत आल्या, आम्ही दोघींनी मिळून साफ केले.’ मुलीनं विमानात बसायच्या आधी ती वाचली. खाली लिहिलं, ‘ताई, माझ्यासाठी दोन ठेवा.’

हे मला मंगळवारी सकाळी कळलं. आईला घरी आणून खाटेवर टेकवलं होतं, मी फोन उघडला होता आणि ती ओळ वाचत होते, तेवढ्यात दारावर थाप पडली.

दारात पन्नाशी उलटलेला एक माणूस. पांढरा सदरा, काखेत कागदात गुंडाळलेलं कापड, हातात प्लास्टिकची फाइल.

"ट्युनिशियावाल्या ताईच्या आईचं घर हेच न?" त्यांनी विचारलं. "मी पवनीहून आलो. आमची पोरगी काल बसली इमानात. तुमच्या बहिणीच्या भरवशावर जाऊन राहिली. मले वाटलं, त्यांच्या आईले भेटून यावं. बिमार हायेत म्हणे."

मी म्हणाले, "हाव. या भाऊ. मी त्यांची बहीण."

खोटं बोलायला मला एक क्षणही लागला नाही. अकरा महिन्यांची सवय. त्यांना आत नेलं, खुर्ची दिली. आईच्या पायाशी त्यांनी कोशाचा शेला ठेवला. म्हणाले, "सोता विणला. तुमच्या पोरीनं आमच्या पोरीले आधार देल्ला. नाही तं मी कायले पाठवलं असतं एकटीले?"

आईची जीभ अजून जड होती. सगळं समजायचं, पण एकेक शब्द ओढून काढावा लागायचा. तिनं शेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. इतके महिने ती बाजूला पडून मला लिहिताना बघत होती, आणि मी समजत होते की तिला काही कळत नाही.

"बहीन... नाही," आई म्हणाली. "हेच. हेच लिवते."

ते हसले. त्यांना वाटलं आजारी बाईचं बोलणं. मग त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि हसणं तिथंच थांबलं. ते रागावतील म्हणून मी वाट पाहत होते. ते रागावले नाहीत. त्यांनी अगदी हळू आवाजात, हिशोब चुकलेल्या माणसासारखं विचारलं, "मंग तिकडं कोन हाय?"

तिकडे कोणी नव्हतं. घरमालकीणबाईसुद्धा दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या गावी मुलाकडे गेल्याचं मास्तरणीनं कळवलं होतं. मुलगी आमच्या जुन्या घराच्या ज्या निळ्या दारासमोर उभी राहणार होती त्याच्या आत कोण राहतं, हे मलाच माहीत नव्हतं.

मग मात्र हातपाय हलले. त्यांनी जावयाला फोन लावला. वाजतच राहिला. खाणीवर कामावर जाताना फोन फाटकावर जमा करावा लागतो, म्हणाले. आमच्या बाबांनाही फॅक्टरीत तसंच होतं, मला ते ऐकून नवल वाटलं नाही. मी मास्तरणीला फोन लावला. तिकडे पहाटेचे सहा. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये सगळं सांगितलं. अकरा महिन्यांचं सगळं. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "तिनं काय घातलंय?"

मी विचारलं तसे ते म्हणाले, "हिरवा ड्रेस. अन् लाल पिशवी. आमच्याच मागावरच्या कापडाची."

ठरलं असं. मुलगी राजधानीत उतरणार आणि तिथून आठ जणांच्या गाडीनं चार तास प्रवास करून येणार. मास्तरीण शाळेतून सुटी घेऊन गाड्यांच्या अड्ड्यावर थांबेल. नर्सची पाळी तिकडच्या दोनला, म्हणजे आपल्या साडेसहाला संपते, ती निळ्या दाराशी जाईल. मुलीचा फोन परदेशात चालणार नव्हता. ‘तिथलं सिम घ्यायची घाई करू नकोस, मी घेऊन देईन,’ हेही मीच लिहिलं होतं.

आम्हाला आता वाट पाहण्यापलीकडे काही नव्हतं. मी म्हटलं, भाऊ, तुम्ही पवनीला जा, मी फोन करते. त्यांनी मान हलवली. "थांबतो." चहा दिला, तो निवून गेला. जेवण वाढलं, त्यांनी ताटाला हात लावला आणि बाजूला सरकवलं. मग त्यांनी ती फाइल उघडली. आत माझ्या पोस्ट होत्या. मुलीनं पवनीच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून छापून घेतल्या होत्या, एक प्रत स्वतःला, एक वडिलांना. जागोजागी लाल पेनानं रेघा.

"पांढरी गाडी, तिले लाल पट्टा," त्यांनी बोट ठेवून वाचलं. "हे खरं हाय का?"

"हे खरं आहे."

"गाडी भरल्याबिगर निंगत नाही. आपल्या काळी-पिवळीवानी."

"हेही खरं."

"‘उतरल्यावर पाण्याच्या टाकीजवळ टॅक्सी मिळते.’"

"मी होते तेव्हा मिळत होती."

"म्हंजे जुनं." त्यांनी खिशातून पेन काढलं आणि त्या ओळीपाशी एक टिंब दिलं. "‘दाराजवळ फार्मसी आहे, हिरव्या दिव्याची.’ हे?"

"होती."

टिंब. "‘मालकीणबाई नेहमी घरीच असतात.’"

"त्या नाहीत आता."

असं पानामागून पान. ते मला टोचून बोलत नव्हते. त्यांना फक्त समजून घ्यायचं होतं की त्यांच्या मुलीच्या पायाखाली कुठे कुठे जमीन आहे. मी लिहिलेली वाक्यं मला चांगली वाटायची, काही तर पाठ होती. त्यांच्या तोंडून ती ऐकताना मला त्या वाक्यांची किळस आली. सगळ्यांत शेवटी, सोमवारी निघताना मुलीनं घाईत छापून दिलेल्या सार्डिनच्या पोस्टपाशी ते थबकले. ‘आज बाजारात’ या शब्दांवर त्यांनी बराच वेळ बोट ठेवलं. मग विचारलंच नाही, नुसतं टिंब दिलं.

दुपारचे चार वाजले, पाच वाजले. मास्तरणीचा निरोप आला की सहा गाड्या आल्या, हिरवा ड्रेस दिसला नाही. आईला पाणी पाजताना माझं लक्ष फोनकडे होतं, पाणी तिच्या गळ्यावर सांडलं. तिनं माझं मनगट धरलं. तिच्या चांगल्या हातात बरीच ताकद होती. तिला माझी दया आली होती की राग, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

साडेसातला फोन वाजला. नर्स होती. तिनं बोलायच्या आधीच मुलीला फोन दिला. मी तो वडिलांच्या हातात दिला. ते "हाव, हाव" एवढंच म्हणत राहिले, डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच गालावरून येऊ दिलं. मग फोन माझ्याकडे केला.

अड्ड्यावर मास्तरणीची आणि तिची चुकामूक झाली होती. गाडीवाल्यानं तिला अड्ड्याआधीच्या वळणावरच उतरवलं होतं. तिथून पत्ता दाखवत दाखवत ती चालत निळ्या दारापर्यंत गेली. दार कोणी उघडलं नाही. नर्सला दवाखान्यात उशीर झाला. दीड तास ती त्या पायरीवर बसली होती, लाल पिशवी मांडीवर घेऊन. शेजारच्या बाईनं पाव आणि पाणी आणून दिलं. ती बाई काय विचारते ते हिला कळत नव्हतं, म्हणून ही नुसती दाराकडे बोट दाखवून "ताई, ताई" म्हणत होती.

मला वाटलं आता ती बोलेल, आणि ऐकून घ्यायची मी तयारी केली होती. ती म्हणाली, "ताई, तुमची तब्येत बरी हाय न? आवाजच येत नव्हता आतून. मले वाटलं, तुमाले काही होऊन गेलं. मी लय घाबरली."

तिला अजून कोणी काही सांगितलं नव्हतं. मग मी सांगितलं. तिच्याच वडिलांसमोर, आईसमोर, सगळं. मग ती म्हणाली, "बाबाले जेवू घाला," आणि फोन ठेवला.

ते जेवले. शेवटच्या बसनं गेले. फाइल मात्र टेबलावरच ठेवून गेले. विसरले असं मला वाटत नाही.

त्याच आठवड्यात मी निरोपाची पोस्ट लिहिली. एक रात्र मुरू दिली नाही, लिहिली आणि पाठवली. मी कुठे आहे, कधीपासून आहे, कुठल्या पोस्ट इथे बसून लिहिल्या, सगळं. नियमाप्रमाणे वाचक कोणाला तरी सोपवायचे असतात. मराठीत लिहिणारं तिथे दुसरं कोणी नव्हतं. मी पवनीच्या मुलीला विचारलं. तिनं उत्तर दिलं नाही.

चार महिन्यांनी मास्तरणीनं मला एक दुवा पाठवला. बुधवारच्या यादीत नवं नाव होतं, मराठी ब्लॉग. मुलगी लिहायला लागली होती. पहिलीच पोस्ट राजधानीतून सफाक्सला कसं यायचं यावर. गाडीचा पट्टा, अड्डा, टॅक्सी कुठे मिळते, फार्मसी आता कुठे गेली, सगळं स्वतः जाऊन पाहिलेलं. मी ती पोस्ट फाइलमधल्या पानांशेजारी ठेवून वाचली. तिच्या वडिलांनी जिथे टिंब दिलं होतं, तिथे तिथे तिनं खरं लिहिलं होतं. माझा उल्लेख कुठेच नव्हता. शेवटी येणाऱ्यांसाठी दोन ओळी होत्या.

‘ज्यांच्याकडे उतरणार असाल त्यांच्याशी निघण्याआधी एकदा फोनवर बोला. पत्रावर जाऊ नका, आवाज ऐका.’

आईला मी ती पोस्ट वाचून दाखवली. तिनं पायाशी घडी करून ठेवलेल्या शेल्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बराबर लिवलं पोरीनं."